युक्रेनच्या ‘काळ्या झापोरोझियन’ पायदळाचा इतिहास कुठून सुरू करावा?

पाचपाखाडीचा वाचक

सर्व सभासदांना नमस्कार.

माझा भाचा व्यापारी जहाजावर अभियंता असून नेरूळला राहतो. मागील महिन्यात तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने माझ्या हातावर एक कापडी बिल्ला ठेवला. जहाजावरील युक्रेनियन मुख्य अभियंत्याने उतरताना तो त्याला दिला होता. त्या गृहस्थांचा धाकटा भाऊ ७२व्या यंत्रसज्ज ब्रिगेडच्या पहिल्या बटालियनमध्ये पायदळ सैनिक आहे आणि त्याने स्वतःच्या बाहीवरचा हा बिल्ला काढून भावाला दिला होता, असे समजले. बिल्ला तळहाताएवढा आहे. काळ्या कापडावर पांढऱ्या धाग्याने कवटी व फुलीसारखी हाडे भरलेली आहेत आणि सिरिलिक लिपीत तीन शब्द आहेत, ज्यांचा अर्थ ‘युक्रेन किंवा मृत्यू’ असा होतो. मागच्या वेल्क्रोमध्ये गवताची एक वाळकी काडी अडकली आहे, ती मी काढलेली नाही. कवटी पाहताच सौभाग्यवतींनी बिल्ल्याला देवघराच्या खोलीत बंदी केली, त्यामुळे त्याचा मुक्काम सध्या पुस्तकांच्या कपाटात शब्दकोशाशेजारी आहे.

आमच्या गृहसंकुलातील ज्येष्ठांच्या वाचनमंडळात पुढील महिन्यात मला पाऊण तास बोलायचे आहे आणि मी हाच विषय घेतला आहे. परंतु तयारी करताना एका ठिकाणी गाडे अडले. ही ब्रिगेड सोव्हिएत काळापासूनची आहे. तिला ‘काळे झापोरोझियन’ हे नाव मात्र २०१७ मध्ये मिळाले. आणि ज्या तुकडीवरून ते घेतले ती १९१८ ते १९२० या काळातील घोडदळाची रेजिमेंट होती, जिचा या ब्रिगेडशी कागदोपत्री काहीही संबंध दिसत नाही. मग या पायदळाचा युद्धेतिहास श्रोत्यांना सांगताना सुरुवात कुठून करावी? १९१८ पासून, १९४३ पासून, की २०१४ पासून? आणि जी परंपरा सरकारी आदेशाने बहाल झाली, तिला परंपरा म्हणावे काय?

नौपाड्याचा इतिहास शिक्षक

बिल्ला अस्सल आहे, आणि आपली शंकाही. माझे मत आधीच सांगतो: या पलटणीची सुरुवात ऑगस्ट २०१४ पासून करावी आणि मग मागे जावे. नाव मागून आले, लढाया आधी झाल्या. हा क्रम उलटा केला की सगळी कथा पोवाड्यासारखी होते.

प्रथम रचनेविषयी थोडे, कारण श्रोते बटालियन आणि ब्रिगेड यांत हमखास गल्लत करतात. युक्रेनच्या भूदलात यंत्रसज्ज बटालियन म्हणजे चिलखती वाहनांतून जाणारे, पण उतरून पायांवर लढणारे पायदळ. शंभराच्या आसपास माणसांच्या तीन कंपन्या, सोबत उखळी तोफा व इतर साहाय्यक तुकड्या असा तिचा पसारा असतो. अशा तीन-चार बटालियन, त्यांना रणगाडे आणि तोफखाना जोडला की ब्रिगेड होते. निशाण, सन्माननाम आणि बिल्ला हे सामान्यतः ब्रिगेडचे असतात. बटालियन क्रमांकाने ओळखली जाते. याला अपवाद २०१४ च्या स्वयंसेवी व प्रादेशिक संरक्षण बटालियनांचा. त्या वर्षीच्या मार्चमध्ये तत्कालीन प्रभारी संरक्षणमंत्र्यांनीच जाहीरपणे सांगितले होते की भूदलाच्या ४१,००० जणांपैकी जेमतेम ६,००० जण लढण्यास सज्ज आहेत. क्रिमिया हातचा गेलेला होता. अशा वेळी जिल्ह्याजिल्ह्यांतून बटालियन उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपापल्या मुलखाची नावे घेतली. लोहखनिजाच्या खाणींचे शहर असलेल्या क्रिवी रिहची ‘क्रिव्बास’, लुहान्स्क भागातील नदीवरून ‘ऐदार’, आणि ‘दोन्बास’. क्रिव्बासची माणसे ऑगस्ट २०१४ मध्ये इलोवाइस्कला वेढ्यात सापडली आणि पुढे हिवाळ्यात देबाल्त्सेव्हच्या कोंडीतही होती. पुढे अशा अनेक बटालियनांची ‘मोटराइज्ड पायदळ’ म्हणून नियमित ब्रिगेडींत भरती झाली.

आता आपली ७२वी ब्रिगेड. ठाणे बिला त्सेर्क्वा, कीवच्या दक्षिणेस. (आपले ठाणे नव्हे, लष्करी ठाणे.) २०१४ च्या उन्हाळ्यात ती रशियाच्या सीमेलगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात अडकली. एका बाजूला रशियाधार्जिणे फुटीरतावादी, पाठीशी सीमा, आणि सीमेपलीकडूनही तोफगोळे. दारूगोळा संपत आला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला प्रामुख्याने या ब्रिगेडचे सैनिक व सीमारक्षक असे ४३८ जण सीमा ओलांडून रशियाच्या हद्दीत गेले; बाकीचे लढत बाहेर पडले. ही गोष्ट व्याख्यानात गाळू नका. पराक्रमाच्या यादीत ती बसत नाही, परंतु पुढच्या दहा वर्षांत ही पलटण कुठेही चिवटपणे का उभी राहिली, याचे निदान अर्धे उत्तर मला त्या पट्ट्यात दिसते.

२९ जानेवारी २०१७ ही तारीख फळ्यावर लिहून ठेवावी. पूर्व युक्रेनमधील अवदीव्का शहराच्या कडेला कारखान्यांची एक पडीक वसाहत आहे, सैनिक तिला नुसते ‘प्रोम्का’ म्हणतात. पहाटे तेथे हल्ला झाला, पहिल्या बटालियनच्या लोकांनी तो परतवला आणि समोरचा एक मोर्चाही घेतला. त्यानंतरच्या तोफांच्या भडिमारात कॅप्टन आंद्री किझिलो हा अवघ्या तेविशीतला अधिकारी साथीदारांसह मारला गेला. त्याला मरणोत्तर ‘युक्रेनचा वीर’ हा सर्वोच्च किताब मिळाला. त्या आठवड्यात थंडी उणे वीस अंशांच्या आसपास होती आणि तोफमाऱ्याने शहराची वीज व उष्णता दोन्ही तुटली होती.

योगायोग असा की २९ जानेवारी हा दिवस त्या देशात आधीच स्मरणाचा होता. १९१८ मध्ये याच तारखेला क्रूती या रेल्वे स्थानकापाशी कॅडेट आणि विद्यार्थी मिळून चारशे-पाचशे तरुणांनी कीववर चालून येणाऱ्या, संख्येने कित्येक पट मोठ्या बोल्शेविक फौजेला दिवसभर अडवले होते. धुमश्चक्रीत विद्यार्थ्यांची एक तुकडी चुकून शत्रूच्या हाती लागली. त्यांतील २७ जणांना ठार करण्यात आले. त्यांना नंतर कीवमध्ये नीपर नदीवरच्या आस्कोल्डच्या टेकडीवर पुरले. त्या विद्यार्थ्यांच्या तुकडीला ‘कुरीन’ म्हणत. हा मूळचा कोसॅकांच्या, म्हणजे युक्रेनच्या गवताळ मुलखातील जुन्या स्वतंत्र बाण्याच्या लढवय्यांच्या, छावणीतील बराकीचा शब्द, जो पुढे बटालियनसाठी रूढ झाला. कुरीनखाली ‘सोतन्या’, म्हणजे शंभरांची तुकडी. त्यांचा ‘स्तो’ आणि आपला ‘शत’ हे एकाच घरचे शब्द आहेत, हे वाचनमंडळाला जरूर सांगावे. ज्येष्ठांना व्युत्पत्ती आवडते.

काळे झापोरोझियन याच १९१८ ते १९२० च्या धामधुमीतले. पेत्रो द्याचेन्को याच्या हाताखालची घोडदळाची रेजिमेंट, काळा वेश, काळे निशाण, ‘युक्रेन किंवा मृत्यू’ हे ब्रीद. डिसेंबर १९१९ ते मे १९२० या काळात युक्रेनियन प्रजासत्ताकाच्या उरल्यासुरल्या फौजेने शत्रूच्या पिछाडीवर जी ‘हिवाळी मोहीम’ केली, तीत ही रेजिमेंट होती. प्रजासत्ताक टिकले नाही.

मधला सोव्हिएत अध्यायही खराच आहे. ब्रिगेडची पूर्वज तुकडी स्टालिनग्राडला लढली आणि त्याबद्दल १९४३ मध्ये तिला ‘गार्ड्स’ हा मान मिळाला. ऑगस्ट २०१६ मध्ये युक्रेनने आपल्या सर्व तुकड्यांच्या नावांतून हा सोव्हिएत मान काढला आणि बरोबर एका वर्षाने ७२व्या ब्रिगेडला काळ्या झापोरोझियनांचे नाव दिले. म्हणजे किझिलो आणि त्याचे साथीदार पडले तेव्हा गार्ड्स हे नाव गेलेले होते आणि दुसरे अजून आलेले नव्हते. ते निव्वळ क्रमांकाखाली लढले.

नाव मिळाल्यानंतरच्या दोन लढाया तेवढ्या सांगतो. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये कीवच्या वायव्येस मोश्चून नावाच्या छोट्या गावात या ब्रिगेडने इर्पिन नदीच्या काठी रशियन हवाई छत्रीधारी सैनिकांना रोखले. नदीच्या तोंडाशी असलेले धरण मोकळे करून काठचा सखल प्रदेश मुद्दाम पाण्याखाली घालण्यात आला आणि राजधानीकडे जाणारी ती वाट चिखलात बुडाली. त्याच वर्षाच्या उन्हाळ्याअखेर ब्रिगेड वुहलेदारला गेली. नावाचा अर्थ ‘कोळशाचे दान’. युद्धापूर्वी सुमारे चौदा हजार वस्तीचे हे खाणकामगारांचे शहर उंचावर वसलेले, भोवती सपाट उघडी शेते आणि कडेला सोव्हिएत धाटणीच्या बहुमजली इमारतींची रांग, त्यामुळे वरून सगळे तळहातावर दिसते. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रशियन चिलखती ताफे त्या शेतांतून एकामागून एक आले आणि सुरुंग व तोफांनी तेथेच संपले. ब्रिगेडने ते शहर दोन वर्षांहून अधिक काळ धरले आणि ऑक्टोबर २०२४ च्या आरंभी, तीन बाजूंनी आवळले गेल्यावर, सोडले.

निवृत्त सुभेदार, ऐरोली

गुरुजींनी इतिहास उत्तम सांगितला. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत अठ्ठावीस वर्षे नोकरी केलेला माणूस आहे, म्हणून ‘आदेशाने आलेली परंपरा’ या शब्दांवर थोडे लिहितो.

आमच्या रेजिमेंटची पहिली पलटण, म्हणजे जंगी पलटण, १७६८ साली मुंबईच्या कंपनी सरकारने उभी केली. त्याच मुंबई फौजेने पुढे पेशव्यांशी लढाया केल्या. १९०३ मध्ये इंग्रजांनी तिला एक नंबर दिला, १९२२ मध्ये दुसरा दिला, स्वातंत्र्यानंतर नावे पुन्हा बदलली. आणि आमची युद्धघोषणा काय? ‘बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय’. आता कागद काढून बसलो तर महाराज आणि कंपनी सरकारची पलटण यांचा संबंध कसा लावणार? तो संबंध कागदाने लावला नाही, पलटणीत भरती झालेल्या कोकण-देशावरच्या माणसांनी लावला. म्हणून युक्रेनच्या पायदळाने कोसॅकांना आपले पूर्वज म्हटले, याचे मला काडीचे नवल वाटत नाही. आमच्या दुसऱ्या पलटणीला ‘काळी पाचवी’ म्हणतात, तेव्हा काळ्या रंगाचेही नवल नाही.

फरक दुसरीकडे आहे. आमच्याकडे जवान बेळगावच्या सेंटरमध्ये कसम परेड करून एका पलटणीत जातो आणि साधारणपणे तेथूनच पेन्शनीवर येतो. त्यामुळे बडाखान्याच्या पंगतीत पंचवीस वर्षांपूर्वीची लढाई ती लढलेला माणूसच वाढपी होऊन सांगतो. युक्रेनमध्ये रेजिमेंटची ही पद्धत नाही. युद्धात माणसे इतक्या वेगाने जातात की वर्षभरात कंपनीतले चेहरे बदलतात. नवा आलेला माणूस परंपरा शिकणार कोणाकडून? तेथे बिल्ला आणि नाव यांना आमच्यापेक्षा जास्त ओझे उचलावे लागते, असे माझ्या बुद्धीला वाटते.

आणखी एक गोष्ट गुरुजींच्या लिहिण्यात आली नाही. १९९१ ते २०१४ हा काळ युक्रेनियन पायदळासाठी अगदीच कोरा नव्हता. १९९२ मध्ये त्यांची २४०वी विशेष बटालियन संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत बोस्नियातील सारायेव्होला गेली. तेव्हा त्या संपूर्ण फौजेचे सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, आमच्या मराठा रेजिमेंटचे. १९९५ च्या जुलैत झेपा या वेढलेल्या गावात शंभराहूनही कमी युक्रेनियन शांतिसैनिक होते. स्रेब्रेनित्सा नुकतेच पडलेले, तेथील कत्तल झालेली, आणि अशा वेळी कर्नल मिकोला वेर्खोह्ल्याद यांनी हजारो नागरिकांना त्या गावातून सुखरूप बाहेर काढण्यात मोठा वाटा उचलला.

त्यानंतर इराक. २००३ पासून सुमारे सोळाशे युक्रेनियन सैनिक टायग्रिसच्या काठी कूत शहरात तैनात होते. ६ एप्रिल २००४ ला शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्रच्या मेहदी फौजेने त्यांच्यावर चढाई केली आणि लढाईनंतर त्यांना शहरातून मागे यावे लागले. कूत हे नाव वाचताना माझा हात थांबला होता. १९१५-१६ मध्ये सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी त्याच कूतच्या वेढ्यात उपाशी बसल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि कैदेतून पुष्कळ जण परतले नाहीत. त्या गावाने मराठ्यांना पाहिले आहे आणि युक्रेनियनांनाही.

सानपाड्याची डॉक्टर

मी कीवमध्ये सहा वर्षे वैद्यकीय शिक्षण घेतले आणि मार्च २०२२ च्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन गंगाच्या विमानाने परत आले. लष्करी विषयातले मला फारसे कळत नाही, परंतु परंपरा रस्त्यावर कशी दिसते ते सांगू शकते.

सेंट मायकेलच्या सोनेरी घुमटांच्या मठाबाहेर एक लांब भिंत आहे. २०१४ पासून पडलेल्या सैनिकांची छायाचित्रे तिच्यावर रांगेने लावलेली आहेत. आमच्या वसतिगृहातल्या मुली शहर पाहायला जात तेव्हा ती भिंत वाटेतच लागे. पहिल्या वर्षी मी ती फोटो काढण्याची जागा समजत होते. एकदा माझ्या पुढे चालणाऱ्या एका बाईंनी पर्समधून ओला रुमाल काढला, एका फोटोवरची धूळ पुसली, मग शेजारच्या दोन फोटोंवरचीही पुसली, रुमाल घडी करून ठेवला आणि त्या बसथांब्याकडे निघून गेल्या. त्यानंतर मी तेथे फोटो काढला नाही.

प्रत्येक सैनिकाला एक ‘पोझिव्नी’ असते, म्हणजे वायरलेसवर हाक मारायचे नाव. ते सोबत्यांनी ठेवलेले असते आणि बहुधा त्यामागे काही गंमत असते. शाळामास्तर, मधमाशी, आजोबा, असे काहीही. नाव-आडनाव कोणाला माहीत नसले तरी पोझिव्नी सर्वांना माहीत असते आणि ते स्मृतिफलकावरही जाते. दिमित्रो कोत्स्युबाइलो याला चित्रकलेमुळे ‘दा विंची’ म्हणत. त्याच्या बटालियनचे नावच ‘दा विंचीचे लांडगे’ झाले. तो मार्च २०२३ मध्ये बाखमुतजवळ पडला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. मी तेव्हा सानपाड्यात परीक्षेच्या अभ्यासाला बसले होते आणि त्याची अंत्ययात्रा मोबाइलवर पाहत होते. ती याच मठात झाली, फिनलंडच्या पंतप्रधानही आल्या होत्या, आणि त्याला आस्कोल्डच्या टेकडीवर पुरले. सरांनी वर लिहिलेली क्रूतीच्या विद्यार्थ्यांची टेकडी ती हीच. वसंतात आम्ही तेथे पुस्तके घेऊन बसत असू, खाली नीपर दिसते.

बोलीतले काही शब्द सांगते, ते व्याख्यानात उपयोगी पडतील. सर्वांत पुढच्या रेषेला ‘नूल’ म्हणतात, म्हणजे शून्य. जखमी म्हणजे ‘तीनशेवाला’, मृत म्हणजे ‘दोनशेवाला’. हे सोव्हिएत काळातले वायरलेसचे आकडे आहेत आणि सन्माननामे बदलली तरी ते कोणी बदललेले नाहीत. बटालियनचा प्रमुख ‘कोंबात’. शेतांमधल्या झाडांच्या रांगेला ‘पोसाद्का’ म्हणतात, जिच्यात पायदळ खंदक खणून राहते. सोबत लढलेला तो ‘पोब्रातिम’, मानलेला भाऊ. आमच्या शरीररचनाशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणारे एक मदतनीस कोणाचीही ओळख करून देताना ‘मित्र’ आणि ‘पोब्रातिम’ हे शब्द कधीच एकमेकांच्या जागी वापरत नसत.

सैनिकांचा दिवस पूर्वी सोव्हिएत पद्धतीने २३ फेब्रुवारीला असे. २०१४ पासून तो १४ ऑक्टोबरला, म्हणजे कोसॅक ज्या मदर मेरीला आपली रक्षणकर्ती मानत तिच्या सणाला नेला. २०२३ पासून चर्चचे पंचांग बदलल्यामुळे १ ऑक्टोबरला होतो. पायदळाचा वेगळा दिवस ६ मे हा आहे. आणि मी परतल्यानंतर, मार्च २०२२ पासून, रोज सकाळी नऊ वाजता देशभर एक मिनिट शांतता पाळली जाते. माझी वर्गमैत्रीण तेथेच डॉक्टर आहे. तिच्याशी बोलताना नऊ वाजले की ती ‘थांब’ म्हणते आणि मीही येथे थांबते. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेअकरा किंवा साडेबारा झालेले असतात.

काका, बिल्ल्याविषयी एक. त्याला तेथे ‘शेव्रोन’ म्हणतात आणि तो बहुधा अदलाबदलीने दिला-घेतला जातो. ज्याने स्वतःच्या बाहीवरचा दिला, त्याला काही ना काही परत जायला हवे.

खारघरचा संशयात्मा

सर्वांचे लेखन वाचले. माहिती चांगली आहे, परंतु वाचनमंडळात कोणी तरी हटकून विचारील असे दोन प्रश्न येथे आलेले नाहीत, म्हणून लिहितो.

पहिला प्रश्न पूर्वजांच्या निवडीचा. द्याचेन्को १९२० मध्ये थांबला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्याने जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या युक्रेनियन तुकड्यांचे नेतृत्व केले. कवटीचे चिन्ह नाझींच्या आधीचे आहे आणि १९१८ ची रेजिमेंट त्यासाठी दोषी ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण पूर्वज निवडताना त्याच्या आयुष्याचे एकच पान फाडून घेता येत नाही. जी तुकडी स्टालिनग्राडला नाझींविरुद्ध लढली तिच्या वारसांनी तो मान उतरवून हे नाव घेतले, ही गोष्ट मला खटकते. सुभेदारसाहेबांच्या शिवाजी महाराजांच्या उदाहरणात ही अडचण नाही. तसेच स्वयंसेवी बटालियनांविषयी बोलताना सप्टेंबर २०१४ मध्ये अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने ऐदारच्या लोकांवर अपहरण व मारहाणीचे आरोप करणारा अहवाल दिला होता, आणि अझोव्ह या दुसऱ्या स्वयंसेवी तुकडीच्या आरंभीच्या अतिउजव्या संबंधांमुळे अमेरिकी काँग्रेसने तिला मदत देण्यावर बंधन घातले होते, हे सांगितले पाहिजे. त्याच अझोव्हने २०२२ मध्ये मारियुपोलच्या पोलाद कारखान्यात मे महिन्यापर्यंत वेढा सोसला, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

दुसरा प्रश्न माणसांचा. एप्रिल २०२४ मध्ये सक्तीच्या भरतीचे किमान वय २७ वरून २५ वर आणावे लागले. खंदकांतला पायदळ सैनिक आज बऱ्याचदा चाळिशी ओलांडलेला असतो. वुहलेदार दोन वर्षे धरणाऱ्या ब्रिगेडला त्या काळात पुरेशी विश्रांती मिळाली नाही, ही तक्रार तेथे उघडपणे झाली. निशाणाची कथा सांगताना निशाण धरणाऱ्याचा दमलेला हातही सांगावा.

नौपाड्याचा इतिहास शिक्षक

द्याचेन्कोचा मुद्दा योग्य आहे आणि तो माझ्याकडून राहिला, हे मान्य करतो. फक्त एक भर घालतो. स्टालिनग्राडला लढलेल्या तुकडीचा मान उतरवला गेला याचे कारण त्या लढाईविषयी तुच्छता हे नव्हते. समोर उभ्या असलेल्या रशियन ब्रिगेडीही ‘गार्ड्स’ हेच नाव लावून येत होत्या आणि तोच वारसा आपला एकट्याचा म्हणून सांगत होत्या. एकच आडनाव लावून दोन घरे एकमेकांवर गोळ्या झाडू लागली तर एका घराला नाव बदलावेसे वाटणारच. त्या घराने नवे नाव घेताना पुरेशी चौकशी केली का, हा आपला प्रश्न त्यानंतरही उरतोच, आणि त्यावर माझे आपल्याशी भांडण नाही.

पाचपाखाडीचा वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्याख्यानाचा क्रम आता ठरला. सुरुवात सीमेवरच्या पट्ट्यातील ४३८ जणांपासून, मग प्रोम्का, मग क्रूती, आणि नाव बहाल झाल्याचा प्रसंग त्यानंतर. कूत आणि द्याचेन्को हे दोन्ही येतील. संशयात्मा महाशयांनी खारघरहून यायचे मनावर घेतले तर प्रश्न त्यांनीच विचारावेत.

दोन किरकोळ शंका राहिल्या. ‘झापोरोझियन’ म्हणावे की आणखी काही, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ काय? आणि डॉक्टर ताईंनी शेव्रोनच्या अदलाबदलीचे लिहिल्यापासून मी थोडा ओशाळलो आहे. भाचा येत्या वीस तारखेला पुन्हा जहाजावर रुजू होणार असून मुख्य अभियंताही त्याच जहाजावर परतणार आहेत. त्यांच्या भावासाठी काय पाठवावे? गणपतीची मूर्ती सुचली होती, परंतु ती सैनिकाच्या बाहीवर लागणार नाही.

नौपाड्याचा इतिहास शिक्षक

मूळ उच्चार ‘झापोरोझ्त्सी’ असा आहे. मराठीत झापोरोझियन चालेल. ‘झा’ म्हणजे पलीकडे आणि ‘पोरोही’ म्हणजे नदीच्या पात्रातील खडकाळ उतार, जेथे पाणी फेसाळत उसळते. नीपरच्या अशा खडकांपलीकडे राहणारे ते झापोरोझ्त्सी. ते खडक आता दिसत नाहीत. १९३२ मध्ये पूर्ण झालेल्या मोठ्या धरणाच्या जलाशयात ते बुडाले.

निवृत्त सुभेदार, ऐरोली

माझ्याकडे रेजिमेंटचे दोन पितळी बॅज आहेत, बिगूल असलेले. एक नातवाने मागून ठेवला आहे. दुसरा ब्रासोने घासून ठेवतो. तो बाहीवर लागणार नाही, टोपीवर लागेल. रविवारी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येतो. आपण स्थानकाच्या पूर्वेला भेटू की पाचपाखाडीलाच येऊ, ते कळवावे. तो बिल्लाही तेव्हा पाहीन म्हणतो.

पाचपाखाडीचा वाचक

साहेब, पाचपाखाडीलाच यावे, दुपारी जेवायलाच. बिल्ला त्या दिवसापुरता दिवाणखान्यात ठेवण्याची परवानगी घरातून मिळाली आहे. डॉक्टर ताई, बॅजसोबतच्या चिठ्ठीवर ‘धन्यवाद’ त्यांच्या भाषेत कसे लिहावे?

सानपाड्याची डॉक्टर

‘द्याकुयू’. देवनागरीतच लिहा, काका, आणि खाली बॅज कोणाचा आहे तेही लिहा. मुख्य अभियंत्यांना भाचा वाचून दाखवील, ते भावाला फोनवर सांगतील. आणि शक्य असल्यास त्या भावाचे पोझिव्नी काय आहे ते विचारून ठेवा.